डॉक्टर की शिक्षक? : विषय निवडण्यापूर्वी चार शब्द

(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात दहावी व बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



गुणगौरवाच्या समारंभात वक्त्याने गुणवंतांचे कौतुक करावे, दोन उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात आणि चहाची वेळ होण्यापूर्वी खाली बसावे, असा आपल्याकडील रिवाज आहे. कौतुक तर मी करतोच. परंतु आज मला थोडे निराळे बोलावयाचे आहे. मघाशी बक्षिसे वाटताना मी प्रत्येक मुलाला विचारत होतो, "पुढे काय करणार?" पहिल्या बारा मुलांपैकी नऊ जण म्हणाले, "डॉक्टर." दोन मुली म्हणाल्या, "घरचे म्हणतात डी.एड. कर." एकाने काहीच सांगितले नाही, तो अब्बांकडे पाहू लागला. आजचे माझे बोलणे या बारा जणांसाठी आणि त्यांच्या मागे बसलेल्या आई-वडिलांसाठी आहे.

प्रथम माझी एक चूक कबूल करतो. सुमारे आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी त्या वेळी एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. एकाच घरातली दोन भावंडे माझ्या हाताखाली शिकली. मुलगा मोठा, मुलगी त्याच्याहून एका वर्षाने लहान. वडील आखातात नोकरीला. मुलगा अभ्यासात चांगला होता, पण त्याची खरी हुशारी निराळीच होती. परीक्षा जवळ आली, की वर्गातली निम्मी मुले त्याच्या पडवीत जमत आणि मी तीन तासांत जे समजावू शकलो नाही ते तो अर्ध्या तासात समजावून देई. मुलगी अबोल. पण जीवशास्त्राची तिची वही मी अजून विसरलेलो नाही. बेडूक असो की हृदय, आकृती अशी काढी की पुस्तकातली फिकी पडावी. घरात आजी अंथरुणाला खिळलेली होती. तिची औषधे, तिच्या जखमा, सारे ही पोर बघत असे.

वडील रजेवर आले तेव्हा मला भेटले. म्हणाले, "सर, पैसा एकाच्याच शिकवणीपुरता आहे. मुलाला लातूरला ठेवतो, डॉक्टर करतो. मुलीला इथंच डी.एड. करू दे, बायकांना मास्तरकी बरी. तुम्ही काय म्हणता?" मी काय म्हटले? मी म्हटले, "अगदी योग्य." आमच्या शाळेतून तोवर एकही डॉक्टर झालेला नव्हता. शाळेचे नाव होईल, या लोभाने मी विचार केला नाही, हे आज या व्यासपीठावरून मी मोकळेपणाने सांगतो.

मुलाने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी तीन वर्षे नीटची परीक्षा दिली. तिन्ही वेळा प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नाहीत. दुसऱ्या वेळी वडिलांचा फोन आला तेव्हाही मी सांगितले, "आणखी एक वर्ष द्या, होईल." या तीन वर्षांत त्याने इतर कोठेही नाव घातले नाही. दहावीपासून सारी वाडी त्याला 'डॉक्टर' म्हणून हाक मारीत होती. आता तीच हाक त्याला टोचू लागली. लग्नकार्याला येईना, जुम्म्याच्या बाजारात दिसेना. शेवटी २०१९ साली त्याने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, मग बी.एड. केले, आणि आज तो एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. उत्तम शिकवतो, आनंदात आहे. परंतु एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, मला काय आवडतं हे तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

मुलगी? तिने सांगितले तसे केले. बारावी विज्ञान झाल्यावर नीटचा अर्जदेखील भरला नाही. पदविका झाली, पात्रता परीक्षा झाली, तीन-चार वर्षे तुटपुंज्या पगारावर खासगी शाळेत काढली, आणि २०२४ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. चांगली शिक्षिका आहे. परंतु ती चांगली शिक्षिका झाली म्हणून आम्ही तिच्यावर केलेला अन्याय न्याय ठरत नाही. ती डॉक्टर झाली असती की नाही, हे मला ठाऊक नाही. तिला निदान परीक्षेला बसू द्यावयास हवे होते, एवढे मात्र ठाऊक आहे.

पालकहो, ही गोष्ट एका घराची नाही. म्हणून विषय निवडण्यापूर्वी दोन्ही वाटा नीट पाहून घेऊ.

प्रथम वैद्यकीची वाट. आपल्या देशात एमबीबीएसचा प्रवेश बारावीनंतर, नीट या अखिल भारतीय परीक्षेतूनच होतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के व राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात. नीट ७२० गुणांची : भौतिकशास्त्र १८०, रसायनशास्त्र १८० आणि जीवशास्त्र एकट्याचे ३६०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. म्हणजे अंदाजाने ठोकून देणाऱ्याची येथे गय नाही. २०२५ साली सुमारे २२ लाख मुले या परीक्षेला बसली. एमबीबीएसच्या साऱ्या देशातल्या जागा, सरकारी व खासगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास. सरकारी महाविद्यालयांतील जागा त्याच्या निम्म्याच्या घरात. आता आपणच हिशेब करा. ज्या वीस लाखांना जागा मिळाली नाही ती सारी मुले आळशी होती काय? नव्हती. जागाच तेवढ्या होत्या. तेव्हा ज्याला जागा मिळाली नाही त्याला घरात नापास समजू नका.

प्रवेश मिळाला की साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष सक्तीची आंतरवासिता. सरकारी महाविद्यालयात शिकलात तर त्यानंतर शासनाच्या सेवेचे बंधन असते, तेही समजून घ्या. पुढे एम.डी. अथवा एम.एस. करावयाचे, तर पुन्हा परीक्षा आणि आणखी तीन वर्षे. सरळ गेलेला मुलगाही तज्ज्ञ डॉक्टर होईतो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो. तोवर घराने त्याला सांभाळावयाचे असते. मात्र एक सुविधा आपल्या कोकणाला आता झाली आहे. अलिबाग आणि सिंधुदुर्ग येथे २०२१-२२ पासून व रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. आमच्या वेळी मुंबई, पुणे किंवा मिरज गाठावे लागे.

शिवाय वैद्यकी म्हणजे केवळ एमबीबीएस नव्हे. दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी यांचे प्रवेशही नीटवरूनच होतात. औषधनिर्माणशास्त्र आणि परिचर्येची पदवी यांच्यासाठी राज्याच्या स्वतंत्र परीक्षा आहेत. ज्या मुलाला रुग्णांची खरी ओढ आहे त्याने ही दारेही ठोठावून पाहावीत. ज्याला फक्त नावामागची पदवी हवी आहे त्याला ही दारे कमीपणाची वाटतील. त्यावरूनच त्याची ओढ कशाची आहे ते कळते.

येथे एक गैरसमज दूर करतो. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक परदेशी आहेत. अमेरिकेतला चुलता फोनवर सांगतो, "आधी पदवी घे, मग मेडिकलला जा." तो खोटे सांगत नाही. त्यांच्याकडे चार वर्षांची पदवी कोणत्याही मुख्य विषयात घेता येते, ठराविक विज्ञानविषय पूर्ण करून प्रवेशपरीक्षा द्यावयाची आणि मग चार वर्षे वैद्यकीय शिक्षण, अशी पद्धत आहे. परंतु आपल्याकडे तशी शिडी नाही. बी.एस्सी. झालेल्या मुलालाही एमबीबीएससाठी बारावीवाल्याबरोबर नीटच द्यावी लागते आणि पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. तेव्हा तेथला सल्ला येथे वापरू नका.

आता शिक्षकाची वाट. ही वाट सोपी आहे, अशी आपली समजूत आहे. ती चुकीची आहे. पहिली ते पाचवीला शिकवावयाचे असेल, तर बारावीनंतर दोन वर्षांची पदविका लागते, जिला आपण अजून डी.एड. म्हणतो. पुष्कळांना वाटते, बी.एड. मोठे, मग ते सगळीकडे चालेल. तसे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र निराळे आहे, आणि मला स्वतःला हे पटते. माध्यमिक शाळेत शिकवावयाचे असेल तर पदवी आणि मग दोन वर्षांचे बी.एड. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.एस्सी. व बी.एड.; वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.एस्सी. नंतर नेट अथवा सेट. बारावीनंतर पदवी आणि शिक्षणशास्त्र एकत्र असा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही २०२३-२४ पासून देशातील काही निवडक संस्थांत सुरू झालेला आहे.

यावर पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. भरतीसाठी अभियोग्यता चाचणी, आणि मग पवित्र पोर्टलवरून निवड. अभियोग्यता चाचणी २०१७ साली झाली आणि त्यानंतर थेट २०२३ साली. मधल्या वर्षांत पदविका हातात घेऊन बसलेल्या मुलामुलींचे काय झाले असेल, ते मी मघाच्या गोष्टीत सांगितलेच आहे. तेव्हा 'काही जमले नाही तर मास्तर हो' हे वाक्य आपल्या घरातून कायमचे हद्दपार करा. त्यात त्या मुलाचा अपमान आहे, आणि उद्या त्याच्यासमोर बसणाऱ्या चाळीस मुलांचे नुकसान आहे.

मग अकरावीला काय घ्यावे? ज्याचे मन अजून ठरलेले नाही, त्याला माझा सल्ला असा : विज्ञान शाखा झेपणार असेल तर जीवशास्त्र घ्या, आणि शक्य असेल तर गणितही सोडू नका. जीवशास्त्राने वैद्यकीचे दार उघडे राहते. गणिताने भौतिकशास्त्राची व अभियांत्रिकीची दारे उघडी राहतात, आणि गणित उत्तम शिकवणारा शिक्षक तर प्रत्येक शाळेला हवा असतो. मात्र गणिताचे ओझे होऊन बाकीचे तीन विषय बुडत असतील, तर त्याचा हट्ट धरू नका. ज्यांना विज्ञानच नको आहे, ज्यांना इतिहास, भूगोल किंवा भाषा मनापासून आवडतात, त्यांनी कला शाखेत मान ताठ ठेवून जावे. मराठीचा आणि उर्दूचा चांगला शिक्षक हाही दुर्मीळ प्राणी झाला आहे.

पदवीला विषय निवडताना पुढच्या वर्गाचा विचार करा. आपल्या दहावीच्या विज्ञानाची दोन पुस्तके आहेत. पहिल्या भागात बहुतांशी भौतिक व रसायन, दुसऱ्यात बहुतांशी जीवशास्त्र. शाळेतल्या शिक्षकाला पुष्कळदा दोन्ही शिकवावी लागतात. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर. पहिल्या वर्षी विद्युतधारेचा पाठ शिकवताना मला घाम फुटला होता, कारण बारावीनंतर मी त्या विषयाकडे वळूनही पाहिले नव्हते. आता नव्या धोरणानुसार पदवीला मुख्य विषय आणि गौण विषय अशी मांडणी आहे, तिचा उपयोग करून घ्या. रसायनशास्त्र मुख्य आणि प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र गौण, अशी जोडी आपल्या महाविद्यालयात मिळत असेल तर ती मला व्यवहारी वाटते. शाळेत दोन्ही भाग शिकवता येतात, एम.एस्सी.चा मार्ग खुला राहतो, आणि शिक्षकाची जागा लवकर न मिळाली तर महाड, रोहा, लोटे येथील रासायनिक कारखान्यांत पोटापाण्याची सोय होऊ शकते.

नीटची पुन्हा एकदा तयारी करावयाची असेल तर अवश्य करा. परंतु तीन अटी घाला. पहिली, पुन्हा प्रयत्न एकच, आणि तो मुलाच्या इच्छेने. दुसरी, तो प्रयत्न संपण्याची तारीख आधीच ठरवून ठेवा, निकालाच्या दिवशी भावनेच्या भरात वाढवू नका. तिसरी, जमेल त्याने त्याच वर्षी बी.एस्सी.ला नाव घालून ठेवावे. वर्ष रिकामे गेले, या विचाराने मुलगा जेवढा खचतो तेवढा कमी गुणांनी खचत नाही.

मराठी आणि उर्दू माध्यमाच्या मुलांना एक गोष्ट खास सांगतो. नीट तेरा भाषांत देता येते, त्यांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. मात्र भाषांतरात शंका निर्माण झाली तर इंग्रजी प्रश्न प्रमाण मानला जातो, आणि पुढचे शिक्षण प्रायः इंग्रजीतूनच होते. म्हणून आजपासून एक वही करा. डाव्या बाजूला आपला शब्द, उजवीकडे इंग्रजी शब्द. उर्दू शाळेतला मुलगा ज़ियाई तालीफ़ शिकतो, मराठी शाळेतला प्रकाशसंश्लेषण शिकतो आणि अकरावीत दोघांनाही फोटोसिंथेसिस म्हणावे लागते. झाड तेच, पान तेच. ज्याला मुळात समजले आहे त्याला नवा शब्द पाठ करावयास दोन दिवस पुरतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपली ओढ कोणत्या कामाची आहे, हे कसे ओळखावे? मी दोन सोप्या कसोट्या सांगतो. या सुट्टीत एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात, तेथल्या डॉक्टरांची परवानगी घेऊन, सकाळपासून बसा. रांग पाहा, वास घ्या, रडणारी मुले आणि चिडलेले नातेवाईक पाहा. आणि महिनाभर शेजारच्या चार लहान मुलांना रोज एक तास शिकवा. त्यांतल्या सर्वांत कच्च्या मुलाला भागाकार येईपर्यंत थांबू नका. महिन्याच्या शेवटी स्वतःला विचारा : कोणत्या कामानंतर मी थकलो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जावेसे वाटले? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही शिकवणीवर्गाच्या जाहिरातीत मिळणार नाही.

वाट बदलणे हा पराभव नव्हे, याचे एक मोठे उदाहरण सांगतो. डॉ. झाकिर हुसेन यांचे नाव आपण सारे जाणतो. १८९७ साली हैदराबादेत जन्म, वडील लहानपणीच गेले, १९११ साली आई प्लेगने गेली. या मुलाने वैद्यकीकडे जाण्याच्या विचाराने लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात नाव घातले. आजारपणाने ते शिक्षण सुटले. मग तो अलीगढला परतला आणि निराळे विषय घेऊन पदवीधर झाला. १९२० साली जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली तिच्या संस्थापकांत तो होता. बर्लिनहून अर्थशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन आल्यावर १९२६ पासून दोन दशकांहून अधिक काळ तुटपुंज्या वेतनावर त्यांनी ती संस्था सांभाळली. १९३७ साली आपल्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तेव्हा मूलोद्योग शिक्षणाची योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते. १९६७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. लखनौला प्रकृती बिघडली नसती तर देशाला कदाचित एक चांगला डॉक्टर मिळाला असता. पण त्या दिवशी कोणी त्यांना 'वाया गेला' म्हटले असते, तर ते किती चुकीचे ठरले असते, पाहा.

आणि या दोन पेशांत उच्चनीच लावू पाहणाऱ्यांना मी पुण्याच्या एका घराची आठवण देतो. सावित्रीबाई फुले शिक्षिका. त्यांच्या शाळेत काम करणाऱ्या फातिमा यांचे नाव सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या पत्रात येते. सावित्रीबाईंनी दत्तक घेऊन वाढवलेला मुलगा यशवंत डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा हडपसरजवळ यशवंतांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला आणि शिक्षिका आई रुग्ण तेथे पोहोचवू लागली. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, तिने देह ठेवला. त्या माळावर डॉक्टर मोठा की शिक्षिका मोठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल काय?

पालकांनो, आता तुमच्याकडे तीन मागणी मागून थांबतो. मुलाला दहावीपासून 'डॉक्टर' म्हणून हाक मारू नका. मुलीच्या आणि मुलाच्या शिक्षणासाठी वेगवेगळी तराजू वापरू नका. लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून तिच्या अभ्यासाला आधी काही द्या. आणि कागदपत्रे वेळेवर काढा. आपल्यापैकी बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा कित्येक जमाती इतर मागासवर्गात मोडतात. इतरांना आर्थिक दुर्बलतेचा दाखला मिळू शकतो. २०२४-२५ पासून राज्य शासनाने या प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले आहे. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. दाखला नाही म्हणून सवलत गेली, असे आपल्या एकाही मुलीच्या बाबतीत घडू नये. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मघाशी ज्या मुलाने माझ्या प्रश्नाला उत्तर दिले नाही, तो मला सर्वांत प्रामाणिक वाटला. पंधराव्या वर्षी आयुष्य ठरलेले नसते. त्याने घरी जाऊन अब्बांशी बोलावे आणि अब्बांनी त्या दिवशी फक्त ऐकावे. त्याला काय आवडते हे विचारण्याचे काम मी एका मुलाच्या बाबतीत चुकवले, त्याच्या बहिणीच्या बाबतीतही चुकवले. आपण चुकवू नये, एवढ्यासाठीच हे चार शब्द.